दोनच ओव्हर

इतवारी सकाळी मैदानावर सर्वांत जास्त बोललं जाणारं खोटं कोणतं, असं कुणी विचारलं तर आम्ही लगेच सांगू : "दोनच ओव्हर राहिल्या." हे खोटं आम्ही गेली पस्तीस वर्षं बोलत आलो आहोत. काठावर पुढची पोरं बॅट टेकून उभी असतात, त्यांच्यातला एखादा धीट पोरगा विचारतो, "चाचा, किती राह्यलं?" आणि आमच्यातला जो कोणी जवळ असेल तो मान न वळवता म्हणतो, "बस, दोनच ओव्हर." कधी खरोखर दोन असतात. बहुतेक वेळा पाच असतात.

आम्ही म्हणजे अमरावतीतले आठ-दहा जण. एक उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एक शिलाईवाला, गॅरेज चालवणारे दोघे भाऊ, इतवारा बाजारात किराणा विकणारा एक, आणि सर्वांत वडील हाजीसाहेब. यात एक पोस्टातले भाऊ आहेत. ते आमच्या मोहल्ल्यातले नाहीत, अंबागेटच्या आतले आहेत. पण कॉलेजापासून आमच्यातच खेळतात. साठीच्या आसपास सगळे पोहोचलो आहोत. गुडघे बोलतात, धाव दोनाची एक होते. पण इतवारी फजरची नमाज झाली की पाय आपोआप मैदानाकडे वळतात.

मैदानाचं नाव इथे लिहीत नाही. जी गाऱ्हाणी सांगायची आहेत ती आमची आमच्याविरुद्धच आहेत. त्यात मैदानाला गोवण्याचं कारण नाही. अमरावतीत आणि अकोल्यात अशी मैदानं आहेत, जिथे कधी सर्कस लागते, कधी प्रदर्शनी, कधी नेत्यांची सभा, आणि उरलेल्या दिवसांत सारं गाव येतं. एका सकाळी चार-पाच सामने एकमेकांत मिसळलेले असतात. आमचा लाँगऑन दुसऱ्यांच्या यष्टिरक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. मुंबईच्या आझाद मैदानावर असंच चालतं हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे निदान मधल्या पट्ट्या आखलेल्या असतात. आमच्याकडे सहा विटा आणि एक चुन्याची रेघ. बाजूने फिरणारे म्हातारे, नीमाखाली योगासनं करणाऱ्या बाया, फुटबॉलची लहान पोरं, चरायला आलेल्या चार बकऱ्या, आणि बाहेरच्या गोलावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी.

इतक्या गर्दीत रोज डोकी फुटत नाहीत, याचं कारण कुठे लिहून ठेवलेले नसलेले पण सगळ्यांना पाठ असलेले काही कायदे. पहिला कायदा चेंडूचा. आपला चेंडू दुसऱ्यांच्या खेळात गेला की आत घुसायचं नाही. काठावर उभं राहून आवाज द्यायचा, "भाऊ, चेंडू!" समोरच्याने आपला खेळ दोन क्षण थांबवून चेंडू हाताने परत टाकायचा, पायाने लाथाडायचा नाही. कोणी कोणाला सलाम करो, नमस्कार करो, न करो. मैदानाचा सलाम-नमस्कार हाच. दुसरा कायदा वाटेचा. गोलंदाज धावायला लागला की त्याच्या मागून कोणी आडवं जायचं नाही. आणि एखादी म्हातारी काठी टेकत चालली असेल तर गोलंदाजाने धावायचं नाही. तिसरा कायदा तोंडाचा. नीमाखाली बाया असतात, तेव्हा शिवी गिळायची. चौथा, जनाजा जावो की अंत्ययात्रा, रस्त्यावरून जाईपर्यंत बॅट खाली. पाचवा कायदा वेळेचा. जो आधी आला त्याची पट्टी, पण सूर्य वर येईपर्यंतच, मग पुढच्याची.

पहिले चार कायदे आम्ही इमानाने पाळले. पाचवा आम्ही रोज मोडला.

आणि तो मोडणं वऱ्हाडात परवडणारं नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे चटकन कळणार नाही. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठनंतर मैदान तव्यासारखं होतं. ज्यांची पट्टी साडेसातला मिळायची त्यांना ती सव्वाआठला मिळाली, तर त्यांना खेळ मिळत नाही, ऊन मिळतं. आम्ही सावलीत जाऊन चहा पितो तेव्हा ती पोरं डोक्याला रुमाल बांधून आमची उशिराची फेड करत असतात. वेळ खाणं म्हणजे दुसऱ्याची सावली खाणं, हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

वेळ जातो कुठे, याचा हिशोब मास्तरांनी एकदा वहीत मांडला होता. कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटकं टाकायची असतात, म्हणजे षटकाला चार मिनिटं. ते तर खरे वेगवान गोलंदाज, लांबून धावत येणारे. आमचा गोलंदाज सहा पावलं येतो. थंडीत आम्ही सहा-सहा षटकं खेळतो. बारा षटकांना अठ्ठेचाळीस मिनिटं, मध्ये पाच मिनिटं पाण्याची. साडेसहाला सुरू केलं तर साडेसातच्या आत सामान गोळा व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात आठ वाजत. गाजर गवतात चेंडू शोधण्यात दहा मिनिटं. बाद की नाबाद, यात दहा. फलंदाज बाद झाल्यावर "आता कोण जातं?" यावर पंचायत, कारण जाणारा तिकडे फोनवर बोलत असतो. आणि क्षेत्ररक्षण लावणं! आमचे किराणावाले प्रत्येक चेंडूआधी हातवारे करून माणसं अशी हलवतात की जणू इंदूरला रणजीचा अंतिम सामना चालला आहे.

रणजीचं नाव निघालं म्हणून सांगतो. विदर्भाने तो करंडक २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा जिंकला, इंदूरला, दिल्लीला हरवून. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्ही वेळी कर्णधार होता नागपूरचा फैज फजल. भारताकडून त्याला एकच एकदिवसीय सामना मिळाला, २०१६ मध्ये झिंबाब्वेत. त्यात त्याने नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. तो परत आला आणि विदर्भासाठी खेळत राहिला. पाळी एकदाच आली तरी चिडायचं नाही, पुढच्यांची वाट मोकळी ठेवायची. आमच्या मोहल्ल्यात त्याच्याबद्दल आदर आहे तो धावांइतकाच यासाठी. आता अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे टीव्हीवर दिसतात. त्यामुळे मैदानावर पोरं दुप्पट झाली. पट्ट्या तेवढ्याच आहेत.

या सगळ्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं ते बँकवाल्या साहेबांनी, आणि तेही गोल्फ पाहून आल्यावर. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे दोन महिने राहून आले. एके दिवशी मुलगा त्यांना सरकारी गोल्फ मैदानावर घेऊन गेला. तिथे अशी मैदानं असतात म्हणे, जिथे क्लबचं सभासदत्व लागत नाही. ठरावीक पैसे भरले की कोणीही खेळावं. चार-चार जणांची टोळी करून दर आठ-दहा मिनिटांनी सोडतात. अठरा खड्डे, म्हणजे ते ज्याला होल म्हणतात ते, पार करायला चार तासांवर वेळ लागतो. हे ऐकून मास्तर म्हणाले, "म्हणजे गिल्ली-दांडूच, फक्त श्रीमंतांचा." साहेब म्हणाले, "ऐका तर खरं."

साहेब नवशिके. चेंडू मारायला गेले की माती उडायची. तिसऱ्या होलाला टोपीवाला एक माणूस छोट्या गाडीतून आला आणि अगदी अदबीने म्हणाला, तुमच्या पुढची टोळी एक होल पुढे निघून गेली आहे. साहेबांना वाटलं, मागून कोणी तक्रार केली. मुलाने समजावलं : तक्रार कोणाचीच नाही. इथे मागचे लोक किती खोळंबले यावरून संथपणा मोजत नाहीत. पुढच्यांपासून आपण किती मागे पडलो यावरून मोजतात. आपली जागा मागच्यांच्या पुढे नसते, पुढच्यांच्या मागे असते. मग ते चौघे बाजूला उभे राहिले आणि मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलं. जाताना त्या दोघांनी टोपीला हात लावला.

"अपमान नाही वाटला?" शिलाईवाल्याने विचारलं.

"वाटला न. पण दहा मिनिटांत गेला. त्यांना चार तास मागे अडवून ठेवलं असतं, तर त्यांचा राग गेला नसता."

मास्तरांना एखादी गोष्ट लागली की ते मुळापर्यंत जातात. त्यांनी शोधून सांगितलं, की गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे आहेत, स्कॉटलंडमधल्या लीथचे. सगळे मिळून तेरा. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा हरवलेला चेंडू शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली, आणि चेंडू मारायला चाळीस सेकंदांहून जास्त घेऊ नका असं सुचवलं. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावं, मानापमान पाहू नये. आणि सेंट अँड्र्यूजचं ते जगप्रसिद्ध जुनं मैदान, जिथे खेळायला लोक जगभरातून येतात, ते इतवारी एरवी खेळासाठी बंद असतं. त्या दिवशी गावातले लोक तिथे पोरंबाळं, कुत्री घेऊन फिरतात. कारण जमीन गावाची आहे. हे ऐकून हाजीसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि आपण इतवारीच गावाची जमीन अडवून बसतो."

क्रिकेटवाल्यांनाही शेवटी घड्याळ लावावंच लागलं. डिसेंबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचं घड्याळ लावून पाहिलं, आणि जून २०२४ पासून ते कायमचं केलं. दोनदा समज, तिसऱ्यांदा पाच धावांचा दंड. त्याआधी ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज शिरस्त्राणाचा पट्टा तुटला म्हणून थांबला आणि दोन मिनिटांची मुदत उलटल्याने एकही चेंडू न खेळता बाद दिला गेला. त्यावर आमच्यात महिनाभर वाद चालला. नियमाने बरोबर, पण अदबीने? दोन तट पडले आणि त्या वादापायी आमच्या प्रत्येक सामन्याला आणखी पाच मिनिटं उशीर होऊ लागला.

पण आमचं घड्याळ या बातम्यांनी लावलं नाही. ते त्याच्या काही वर्षं आधीच लागलं होतं, एका मुलीच्या गुडघ्याने.

ती आमच्याच मोहल्ल्यातली. बाप ऑटो चालवतो. पोरीने बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी सुरू केली, तेव्हा मोहल्ल्यात कुजबुज झाली. बापाने कुणाचं ऐकलं नाही. रोज सकाळी तो तिला ऑटोने सोडायचा आणि स्वतः काठावर हातात घड्याळ धरून उभा राहायचा. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. एकेका सेकंदावर गुण. ओढणी कमरेला बांधून ती बाहेरच्या गोलावर धावायची. सोबत अंबागेटकडच्या दोघी, बडनेऱ्याहून येणारे चार-पाच मुलगे.

या भरतीवाल्यांशी आमचा तोंडी करार होता. साडेसातपर्यंत आमची सीमारेषा बाहेरच्या गोलावर; साडेसातनंतर तो गोल त्यांचा, आम्ही आत सरकायचं. एका इतवारी आमच्यात धावबाद-नाबाद यावरून पंधरा मिनिटं वाद झाला. किराणावाले म्हणत बॅट आत होती, गॅरेजवाले म्हणत बाहेर. सात चाळीस झाले. गोलाकडून तिच्या बापाने हात वर करून घड्याळ दाखवलं. आमच्यातून आवाज गेला, "दोनच ओव्हर, भाई!"

दुसऱ्या चेंडूला उंच फटका बसला. गॅरेजवाल्यांतला धाकटा वर पाहत मागे मागे पळत गेला. ती वळणावरून वेगात येत होती. दोघंही पडले. त्याला खरचटलं. तिच्या गुडघ्याला मार लागला, महिना-दीड महिना धावणं बंद झालं. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर होती.

आम्ही सगळे तिच्या घरी गेलो. दवाखान्याचा खर्च देऊ केला. बापाने चहा पाजला, खर्च घेतला नाही. आवाज चढवला नाही. आम्ही उठताना एवढंच म्हणाला, "भाई, आपका खेल इतवार का है. उसका साल का था."

हे वाक्य घेऊन आम्ही जिना उतरलो. कुणी कुणाला दोष दिला नाही. दोष द्यायला धावबादचा वाद घालणारे दोघे होते, वर पाहत पळणारा एक होता. पण "दोनच ओव्हर" असं ओरडणारा आवाज कुणाचा होता हे आजही ठरलेलं नाही. तो आमचा सगळ्यांचा आवाज होता. आम्ही त्या गोलाला आमची सीमारेषा समजत होतो; तिच्यासाठी तो रस्ता होता. मागून वेगाने येणाऱ्याला वाट द्यावी, हे गोल्फवाल्यांनी लिहून ठेवलं. आम्ही लहानपणापासून "पहले आप"चे किस्से सांगतो आणि आम्हाला ते सुचलं नाही.

ती पुढच्या भरतीत उतरली. थोड्या गुणांनी राहिली. आता एका खासगी शाळेत मुलांना खेळ शिकवते. अजून धावायला येते. आम्हाला पाहून सलाम करते. तो सलाम घेताना नजर खाली जाते.

त्यानंतर आम्ही आमचे कायदे केले. सीमारेषा कायमची आत. चेंडू हरवला की मास्तर मोठ्याने शंभरपर्यंत मोजतात; तोवर सापडला नाही तर नवा. पुढचा फलंदाज चुन्याच्या रेघेजवळ बॅट घेऊन बसलेला असलाच पाहिजे, फोन हाजीसाहेबांच्या पिशवीत. बाद-नाबाद पंचाने एकदा सांगितलं की संपलं. आणि साडेसातला हाजीसाहेबांच्या मोबाइलचा गजर. गजर झाला की ते विटा उचलतात, मग षटक अर्धं असो की चेंडू हवेत असो. शिस्त आमच्या गावाला काही नवी नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि त्या मंडळाच्या मल्लांनी १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्याच गावात आम्हाला एका मुलीच्या गुडघ्याने वेळ पाळायला शिकवावं, याची शरम आहे.

इथवर हा मजकूर वेळेचा झाला. आता चेंडूचा.

१२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत जे घडलं ते वाचकांना ठाऊक आहे. एका दिवशी मोर्चा, दुसऱ्या दिवशी बंद, दोन्ही दिवशी दगड. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं. कोणाचा गुन्हा किती, ते ठरवायला कायदा आहे. आम्ही सांगतो आहोत ते कायद्याच्या हाती न लागणारं नुकसान.

संचारबंदी उठल्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबरात, आम्ही मैदानावर गेलो. आमच्यातले निम्मेच आले होते. पोस्टातले भाऊ आले होते; सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी विटा मांडल्या होत्या. शेजारच्या पट्टीवर नेहमीची पोरं होती, पलीकडच्या वस्तीतली. त्यांच्यातल्या निम्म्यांना आम्ही कच्चा लिंबू असल्यापासून ओळखतो. त्या दिवशी कुणी हात हलवला नाही. आम्हीही नाही.

तिसऱ्या षटकात आमचा चेंडू त्यांच्या खेळात गेला. घरंगळत त्यांच्या एका मुलाच्या पायापाशी थांबला. त्याने चेंडूकडे पाहिलं, मग आमच्याकडे. पस्तीस वर्षं जो आवाज आपोआप घशातून निघत होता, तो त्या दिवशी निघाला नाही. "भाऊ, चेंडू!" दोनच शब्द. आम्ही वाट पाहत होतो की तो टाकेल. तो बहुधा वाट पाहत होता की आम्ही मागू. लखनौच्या नवाबांची गाडी "पहले आप, पहले आप" म्हणता म्हणता सुटली असं सांगतात. आमची गाडी "पहले कौन" मध्ये सुटली. हाजीसाहेबांनी पिशवीतून दुसरा चेंडू काढला आणि खेळ पुढे सुरू झाला. त्या दिवशी आमचा सामना वेळेच्या आधी संपला. भांडायला कुणाला उत्साह नव्हता.

आम्ही सामान भरत होतो तेव्हा त्यांच्यातला सर्वांत लहान पोरगा, आठ-नऊ वर्षांचा, तो चेंडू घेऊन आला.

"चाचा, तुमचा बॉल. मांगला काऊन नाही?"

शिलाईवाला म्हणाला, "आमच्यापाशी दुसरा होता, बेटा."

पोराने हातातल्या चेंडूकडे पाहिलं. "मंग हा कोनाचा?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. मास्तरांनी चेंडू घेतला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परत जाताना पोस्टातले भाऊ म्हणाले, "एक आवाज द्यायला काय जात होतं आपलं?" थोडं चालून पुन्हा म्हणाले, "मी तरी कुठं दिला. मी तर द्यायलाच पायजे होता."

दंगलीत दुकानं जळतात, त्यांचा पंचनामा होतो. न मागितलेल्या चेंडूचा पंचनामा होत नाही. पण तो चेंडू आठवडाभर आमच्या डोळ्यांसमोर होता. मैदानाचे कायदे कागदावर नसतात, ते आवाजावर चालतात. आवाज बंद झाला की कायदाही गेला. मग समोर उरतात ती फक्त दोन वस्त्यांची माणसं.

पुढच्या इतवारी चेंडू त्यांचा आमच्याकडे आला. आम्ही काही ठरवायच्या आत तिकडून हाक आली, "चाचा, बॉल!" गॅरेजवाल्यांतला धाकटा, जो मुलीला धडकला होता तोच, इतक्या जोरात धावला आणि इतक्या जोरात टाकला की चेंडू त्यांच्या डोक्यावरून पलीकडे नीमापर्यंत गेला. ती पोरं हसली. आम्हीही हसलो. एवढंच झालं. यापेक्षा जास्त काही झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

वर्षातून एकदा, जानेवारीत, आम्ही अकोल्याला सामना खेळायला जातो. तिथली मंडळी आमच्याच वयाची, आमच्याच तऱ्हेची. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम झाला. तेव्हापासून आमच्या उशिरावर अकोलेकर टोमणा मारतात, की तुमच्या डावापेक्षा रस्ता लवकर होतो. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला. त्यानंतरच्या जानेवारीत आम्ही गेलो, तेव्हा मनात धाकधूक होती. त्यांच्या मैदानावर काय झालं असेल?

त्यांनी सांगितलं, की दंगलीनंतर मैदानावर एक वही आली. कोणती पट्टी कोणाची, किती ते किती, हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. वही काठावरच्या चहावाल्याकडे. त्याआधी कधी वही नव्हती, तोंडी चालायचं. बोलणं थांबलं म्हणून लिहिणं आलं. आम्हाला वही पाहायची होती. चहावाला म्हणाला, "पावसाळ्यात भिजली, राजेहो. मंग नवी कोनी आनलीच नाही." नवी का आणली नाही, हे आम्ही विचारलं नाही. मैदानावर तीन सामने एकमेकांत मिसळून चालले होते आणि एक पोरगा कंबरेवर हात ठेवून ओरडत होता, "ओ भाऊ, चेंडू!"

आम्ही तो सामना हरलो. वेळेत हरलो.

हे लिहिण्याचं निमित्त गेल्या इतवारचं. शेवटचा चेंडू राहिला होता, जिंकायला तीन धावा हव्या होत्या, फलंदाज म्हणून स्वतः मास्तर उभे होते. गोलंदाज वळला आणि हाजीसाहेबांच्या पिशवीत गजर वाजला. हाजीसाहेब उठले, गुडघ्यावर हात ठेवत आले आणि विटा उचलू लागले. मास्तर काही बोलले नाहीत, पण बॅट खाली ठेवली नाही. काठावर पुढची पोरं उभी होती. त्यांच्यात तो चेंडू आणून देणारा पोरगाही होता. आता चांगला उंच झाला आहे, मिसरूड फुटलं आहे. तो म्हणाला, "खेळा न चाचा. एकच बॉल हाय."

हाजीसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्या पोराकडे पाहिलं, मग बाहेरच्या गोलाकडे, जिथे पोरी धावत होत्या. मग बॅट काखेत घेतली.

"पुढच्या इतवारी," मास्तर म्हणाले. "या बेटा, मांडा तुमच्या विटा."